दोन इंटरनेट कनेक्शन जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडजवळच्या गावात घर. गावातल्या केबलवाल्याचं १०० एमबीपीएसचं फायबर आहे. ते अधूनमधून दगा देतं म्हणून नंतर ५जी एअरफायबर (मोबाइल टॉवरवरून हवेतून येणारं घरचं इंटरनेट) घेतलं, त्यावर ८०-९० मिळतात. घरात एक जण दिवसभर पुण्याच्या कंपनीच्या व्हीपीएनवर (इंटरनेटवरून कंपनीच्या जाळ्यात जाणाऱ्या बंदिस्त वाटेवर) काम करतो, दुसरा कर सल्लागार असल्याने सतत बँकेच्या आणि जीएसटीच्या साइटवर असतो, संध्याकाळी मुलांचे क्लास आणि टीव्ही. मीटिंग मध्येच अडकते, कधी पूर्ण तुटते. दोन्ही लाइन जोडून १८० एमबीपीएस कसे मिळवायचे आणि त्यासाठी कोणता राउटर घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

सांगली-सातारा-कोल्हापूर भागातली छोटी ऑफिसं, दवाखाने आणि क्लासेस यांची नेटवर्कं उभी करणं आणि ती बिघडली की जाऊन दुरुस्त करणं हे माझं काम आहे. दोन लाइन एक करून द्या, ही मागणी मला नेहमी येते. तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं तर त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. मीटिंग अडकते हे एक आणि लाइन तुटते हे दुसरं. १८० एमबीपीएस मिळाले तरी यातलं एकही बरं होईलच असं नाही. म्हणून राउटरचं नाव सांगण्याआधी थोडं मागे जातो.

आधी अडकण्याचं बघू, कारण त्यावर बऱ्याचदा फारसा खर्च करावा लागत नाही. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. टीव्हीवर ४के चित्रपट चालू असला तरी तो १५ ते २५ च्या आसपास घेतो. मग १०० च्या लाइनवर मीटिंग अडकायचं कारण काय? हे तुम्हाला घरीच तपासता येईल. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, वायफायवर नको. कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत पिंग लावून ठेवा, म्हणजे छोटा निरोप तिथे जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसत राहील. घरात कुणी काही करत नसताना साधारण १५-२० मिलिसेकंद दिसतील. आता कुणाच्या तरी मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगचे आकडे बघत बसा. ते १५ वरून १००, २००, ४०० असे चढत गेले आणि अपलोड संपताच पुन्हा खाली आले, तर दुखणं सापडलं. अपलोडची वाट भरली की पुढची पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) तुंबतात. तुमच्या मीटिंगचा आवाजही त्याच तुंबलेल्या पॅकेटांमागे थांबतो आणि समोरच्याला तुम्ही तुटक ऐकू येता. याला बफरब्लोट म्हणतात. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे मोबाइल वायफायवर येतात आणि दिवसभराचे फोटो आपोआप बॅकअप व्हायला लागतात, त्यामुळे मीटिंगचा त्रास नेमका त्याच वेळी वाढतो.

याचा इलाज म्हणजे ही रांग मोडेममध्ये न लागू देता आपल्या राउटरमध्ये लावायची, आणि तिथे प्रत्येक संवादाला आळीपाळीने वाट द्यायची. लिनक्समध्ये यासाठी एफक्यू-कोडेल ही रांग लावायची पद्धत २०१२ पासून आणि केक ही दुसरी पद्धत २०१८ पासून आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालवणाऱ्या राउटरवर हे ‘एसक्यूएम’ या नावाने मिळतं, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस ७ या प्रणालीतही आहे. लाइनचा प्रत्यक्ष मोजलेला वेग १०० असेल तर राउटरला ८५-९० ची मर्यादा घालून द्यायची. दहा-पंधरा एमबीपीएस सोडून द्यायला लोकांचं मन तयार होत नाही. पण ते सोडल्यावर अपलोड चालू असतानाही पिंग २५-३० च्या आत राहतं, आणि मीटिंगला तेच हवं असतं. एअरफायबरवर मात्र हे तितकं जमत नाही. तिथे वेग टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे मर्यादा कितीची घालायची हेच ठरत नाही.

हे झाल्यावरही लाइन जोडायची गरज वाटली, तर ‘जोडणे’ या नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात हे लक्षात घ्या. दुकानदार तिन्ही कामांना ड्युअल वॅन (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटची लाइन जोडायची बाजू) म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

पहिलं काम फेलओव्हर. एक लाइन चालू, दुसरी राखीव. पहिली गेली की राउटर दुसरीवर जातो.

दुसरं लोड बॅलन्सिंग. दोन्ही लाइन एकदम चालू असतात आणि घरातून निघणारी कनेक्शन राउटर त्यांच्यात वाटून देतो. इथे ‘कनेक्शन’ म्हणजे काय ते जरा जवळून पाहू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या लॅपटॉपने एखाद्या सर्व्हरकडून फाइल मागवली की तो संवाद चार गोष्टींवरून ओळखला जातो: तुमचा आयपी पत्ता, तुमचा पोर्ट (इथे तो संवाद ओळखायचा क्रमांक, केबल जोडायचा पोर्ट नव्हे), सर्व्हरचा आयपी पत्ता, सर्व्हरचा पोर्ट. फायबरवरून बाहेर पडलात तर सर्व्हरला तुमचा पत्ता केबलवाल्याने दिलेला दिसतो, एअरफायबरवरून गेलात तर मोबाइल कंपनीचा. एकाच संवादातली निम्मी पॅकेट एका पत्त्यावरून आणि निम्मी दुसऱ्यावरून आली, तर सर्व्हर दुसरी निम्मी ओळखतच नाही, टाकून देतो. म्हणून राउटर एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच लाइनवर ठेवतो. एका मार्गावर दोन एसटी सोडल्या तर जास्त प्रवासी जातात, पण एकट्या प्रवाशाचा प्रवास काही निम्म्या वेळात होत नाही. तसंच हे आहे. घरात दहा उपकरणं एकदम चालू असतील तर सगळ्यांची मिळून बेरीज १८० पर्यंत जाईल. एक मोठी फाइल एकाच कनेक्शनवर उतरवत असाल तर ती ज्या लाइनवर गेली तिचाच वेग मिळेल.

स्पीड टेस्ट इथे दिशाभूल करते. ती एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते, ती दोन्ही लाइनवर वाटली जातात आणि आकडा १७०-१८० दाखवतो. विकणारा तो आकडा दाखवून पैसे घेऊन जातो. मग तुम्ही ऑफिसचं व्हीपीएन लावता. व्हीपीएन म्हणजे एकच बोगदा, एकच संवाद. त्याला दुसऱ्या लाइनचा काडीचाही उपयोग होत नाही.

तिसरं काम बाँडिंग. हे खरं जोडणं. एकाच संवादाची पॅकेट दोन्ही लाइनवरून पाठवायची आणि पलीकडे पुन्हा क्रमाने लावायची. यासाठी पलीकडच्या टोकालाही त्याच जोडणीचा जोडीदार लागतो, आणि हा मुद्दा बहुतेक जाहिरातींत गाळलेला असतो. आयएसडीएनच्या (टेलिफोनच्या तारेवरच्या जुन्या डिजिटल लाइनच्या) काळात ६४ केबीपीएसचे दोन चॅनल जोडून १२८ मिळायचे, कारण दोन्ही चॅनल एकाच कंपनीच्या एकाच उपकरणात जाऊन संपायचे. त्यासाठीचा मल्टिलिंक पीपीपी हा १९९६ चा मानक आहे. तुमच्या दोन लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, त्या एकमेकींना ओळखतही नाहीत. त्यांना एकत्र आणणारी जागा तुम्हालाच उभी करावी लागते. ती म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी भाड्याने घेतलेला सर्व्हर. स्पीडिफायसारख्या सेवेत तो त्यांचा असतो, ओपनएमपीटीसीपीराउटर ही मोफत प्रणाली वापरली तर तो तुम्ही भाड्याने घ्यायचा, पेपलिंकच्या महागड्या उपकरणांत त्याच कामाला स्पीडफ्यूजन म्हणतात.

टीसीपी म्हणजे इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि न हरवता पोचवण्याची पद्धत. तिचा एकदम अनेक वाटा वापरणारा मल्टिपाथ टीसीपी नावाचा मानकही आहे. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २०१३ मध्ये आली आणि त्याच वर्षी ॲपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ते वापरलं. २०२० पासून ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे. तंत्र चांगलं आहे, पण तेही दोन्ही टोकांना लागतं. तुमच्या बँकेच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवर ते असेल असं धरून चालता येत नाही. म्हणजे मधल्या सर्व्हरपासून सुटका नाही.

मधला सर्व्हर आला की त्याच्या अडचणीही येतात. तो मुंबईत असेल तर कराडहून फार वळसा पडत नाही, सिंगापूरला असेल तर प्रत्येक पॅकेटला समुद्र ओलांडून जावं लागेल. त्यावरून किती डेटा जाऊ शकतो याची मर्यादा किंवा वेगळं बिल असतं. बँकांच्या आणि चित्रपटांच्या साइटना डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आलेला माणूस संशयास्पद वाटतो आणि त्या बऱ्याचदा अडवतात. कर सल्लागाराच्या घरात तर हे अजिबात चालणार नाही. शिवाय तो सर्व्हर बंद पडला तर दोन्ही लाइन चालू असूनही तुमचं नेट बंद.

आणि वेग? फायबरवर मुंबईपर्यंत १० मिलिसेकंद लागत असतील आणि ५जीवर कधी ३० तर कधी ९०, तर फायबरवरून आलेली पॅकेट मागच्यांची वाट बघत थांबतात. क्रम सोडून आलेली पॅकेट पाहिली की टीसीपीला वाटतं मधलं हरवलं, आणि तो वेग खाली आणतो. सारख्या स्वभावाच्या दोन फायबर लाइन असतील तर बाँडिंगमध्ये बेरजेच्या जवळ जाता येतं. एक फायबर आणि एक मोबाइल असेल तर कधीकधी एकट्या फायबरपेक्षा वाईट अनुभव येतो.

मग बाँडिंग कुणाला लागतं? आमच्या भागातलं चांगलं उदाहरण म्हणजे कुस्तीची मैदानं. यात्रेच्या मैदानाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर करायचं असतं. गावाबाहेर शेतात आखाडा, फायबर नाही, हजारो माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दुपारी रेंजचे सगळे दांडे भरलेले दिसतात, पण मोठी कुस्ती लागली की सगळे व्हिडिओ पाठवायला लागतात आणि टॉवर तुंबतो. तिथे सहा-आठ एमबीपीएसचा एकच अपलोड प्रवाह तीन-चार तास अखंड जायला हवा. तो तुटला तर निकालाचा डाव बघणाऱ्यांच्या हातून जातो. अशा वेळी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं एकत्र बांधून पाठवणं हाच योग्य मार्ग. सिमं वेगळ्या कंपन्यांचीच हवीत, एकाच कंपनीची चार सिमं एकाच तुंबलेल्या टॉवरवर जाऊन बसतात. दोन-चार सेकंदांचा उशीर तिथे चालतो, त्यामुळे क्रम लावायला सवडही मिळते. वृत्तवाहिन्यांची माणसं पाठीवर घेऊन फिरतात ती पेटी हेच करते.

तुमच्या घराला हे लागत नाही. तुम्ही दोन लाइन एक करण्याच्या मागे लागूच नका. घरातली कामं दोन्ही लाइनींत नीट वाटून द्या, आणि एक गेली तर तिची कामं दुसरीने उचलावीत एवढीच सोय करा. मी बहुतेक ऑफिसांत हेच करतो.

वाटणी कशी करायची ते तुमच्या लाइनच्या स्वभावावर अवलंबून आहे, म्हणून आधी मोजा. दोन्ही लाइनवर कामाच्या वेळेत तासभर पिंग लावा. सरासरीपेक्षा दोन गोष्टी बघा: किती पॅकेट हरवली आणि आकडा किती उड्या मारतो. सर्वसाधारणपणे फायबर क्वचित जातं, पण गेलं की तासन्‌तास जातं. ५जी दिवसभर थोडं हलत असतं, पण पूर्ण मरत नाही. तुमच्याकडेही असंच दिसलं तर व्हीपीएनचा लॅपटॉप आणि कर सल्लागाराचा संगणक फायबरवर कायमचे बांधून टाका. टीव्ही, मोबाइल, मुलांचे टॅब एअरफायबरवर. राउटरमध्ये याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. यातून आणखी एक फायदा होतो: मोबाइलचे बॅकअप फायबरच्या अपलोडवरून आपोआप हटतात, म्हणजे अडकण्याचं अर्धं दुखणं इथेच जातं. एअरफायबरच्या प्लॅनची डेटा मर्यादा तेवढी बघून घ्या. ती अनेक प्लॅनवर महिन्याला १००० जीबीच्या आसपास असते. ४के चित्रपट तासाला सात जीबीपर्यंत खातो, त्यामुळे टीव्ही रोज सहा-सात तास ४के चालत असेल तर हिशेब करावा लागेल.

बँकेचं आणि जीएसटीचं काम एकाच लाइनवर बांधण्याचं कारण वेगळं आहे. सरळ लोड बॅलन्सिंग लावलं तर लॉगिनचं पान एका पत्त्यावरून जातं आणि ओटीपी टाकल्यावरचं पान दुसऱ्यावरून. सुरक्षेसाठी काही साइट तिथेच सत्र बंद करतात आणि तुम्हाला पुन्हा लॉगिनवर आणून सोडतात. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे झालं की माणूस पोर्टलला दोष देतो, आणि कधीकधी दोष घरातल्या राउटरचा असतो. लोड बॅलन्सिंग वापरायचंच असेल तर एका उपकरणाची सगळी कनेक्शन काही काळ एकाच लाइनवर चिकटवून ठेवणारा पर्याय चालू करा. टीपी-लिंकच्या मल्टी-वॅन राउटरमध्ये तो ‘ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग’ या नावाने असतो. मायक्रोटिकवर पीसीसी, म्हणजे कनेक्शन वाटण्याचे, नियम लिहिताना फक्त स्रोताच्या, म्हणजे घरातल्या उपकरणाच्या, पत्त्यावरून वाटणी करायची.

आता तुटण्याकडे येऊ. इथे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही राउटरच्या डब्यावर लिहिलेले नसतात. पहिला: तुमच्या दोन लाइन एकदम मरतात का?

एका दवाखान्यात दोन कंपन्यांची फायबर होती. दोन बिलं, दोन मोडेम, दोन वेगळे गणवेश घातलेले लाइनमन. गळीत हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉलीने रस्त्यावर लोंबणारी केबल ओढून नेली आणि दोन्ही लाइन एकाच क्षणी गेल्या. बाहेर जाऊन पाहिलं तर दोन्ही केबली दवाखान्याच्या मागच्या बाजूने निघून एकाच खांबावर चढल्या होत्या, एकाच जॉइंट बॉक्समध्ये शिरल्या होत्या आणि तिथून पुढे एकाच जाड केबलमधून गेल्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी गावातलं शेवटचं टोक एकाच स्थानिक माणसाला दिलेलं होतं. आपल्या भागात हे सर्रास आहे. बीएसएनएलची फायबर जोडणीसुद्धा अनेक ठिकाणी स्थानिक भागीदाराच्या केबलवरून येते. त्यामुळे बिलावरची नावं बघून निर्धास्त होऊ नका. घरातून बाहेर पडा आणि केबलच्या मागोमाग चौकापर्यंत चालत जा. कोणत्या खांबावर जाते, कुठे जॉइंट आहे, डांबराच्या कडेने कुठे जमिनीत जाते, डोळ्यांनी बघा.

तुमची दुसरी लाइन ५जी असल्यामुळे तुम्ही या बाबतीत नशीबवान आहात. घरापर्यंत हवेतून येणारी लाइन रस्त्यावरची ट्रॉली किंवा जेसीबी तोडू शकत नाही. तरीही दोन्ही लाइनवर ट्रेसरूट करून बघा, म्हणजे पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांवरून जातात ते दिसेल. पहिले चार-पाच टप्पे वेगळ्या जाळ्यांतून जाताना दिसले तर ठीक. त्याच जाळ्याची नावं दोन्हीकडे दिसली तर केबलवाला वरची लाइन त्याच मोबाइल कंपनीकडून घेत असण्याची शक्यता आहे, आणि त्या कंपनीचा गोंधळ झाला की दोन्ही बसतील.

एकदम मरण्याचं दुसरं कारण वीज. लाइट गेली की दोन्ही मोडेम आणि राउटर बंद. घराला इन्व्हर्टर असेल तर मोडेमचे पॉइंट त्यावर आहेत ना, बघा. नसेल तर बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो घेताना मोडेमच्या मागच्या लेबलवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते जुळवून घ्या. एअरफायबरच्या गच्चीवरच्या युनिटला वीज सहसा घरातल्या ॲडॉप्टरमधूनच जाते, तो ॲडॉप्टर यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात. फायबरच्या बाबतीत एक चांगली गोष्ट अशी की केबलवाल्याच्या मुख्य यंत्रापासून तुमच्या घरापर्यंत मध्ये जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागत नाही. म्हणजे त्याच्याकडे बॅकअप आणि तुमच्याकडे यूपीएस असेल तर मधल्या गावात अंधार असला तरी नेट चालतं. त्याला एकदा विचारून घ्या की लाइट गेल्यावर त्याची बॅटरी किती तास टिकते.

दुसरा प्रश्न: लाइन मेली हे राउटरला कसं कळणार? फायबर मोडेमवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला की आपल्याला कळतं, केबल तुटली. पण तुमच्या राउटरला तो दिवा दिसत नाही. त्याला फक्त मोडेमपर्यंतची दीड फूट केबल दिसते आणि ती तर ठणठणीत असते. त्याहून वाईट म्हणजे केबलवाल्याची वरची लाइन बंद पडते तेव्हा मोडेमवर पॉनचा (केबलवाल्याच्या यंत्राशी जोडणी दाखवणारा) दिवाही हिरवा असतो. सगळं हिरवं आणि नेट मात्र नाही. राउटर बिचारा मेलेल्या लाइनवर पॅकेट ढकलत बसतो. ‘फेलओव्हर लावलंय पण चालत नाही’ म्हणून मला येणाऱ्या तक्रारींत हेच कारण सगळ्यात जास्त सापडतं.

म्हणून राउटरने लाइनच्या पलीकडे, खऱ्या इंटरनेटवर काहीतरी तपासत राहिलं पाहिजे. प्रत्येक लाइनवरून ८.८.८.८ आणि १.१.१.१ या दोन्ही पत्त्यांना दर पाच सेकंदांनी पिंग. दोन्ही सलग तीनदा चुकले तरच लाइन मेली समजायचं. एकच पत्ता ठेवू नका, तो काही कारणाने उत्तर देईनासा झाला तर चांगली लाइनही मेली ठरेल. ओपनडब्ल्यूआरटीवर एमवॅन३ हे काम करतं, टीपी-लिंकवर ‘ऑनलाइन डिटेक्शन’ आहे. मायक्रोटिकवर नुसतं ‘चेक गेटवे’ लावून थांबू नका, ते फक्त पुढच्या टप्प्याला, म्हणजे तुमच्याच मोडेमला, पिंग करतं. तिथे रिकर्सिव्ह राउट, म्हणजे इंटरनेटवरचा पलीकडचा पत्ता उत्तर देतो का ते तपासून चालू-बंद होणारा मार्ग, लिहावा लागतो. लाइन परत आल्यावर मात्र लगेच उडी मारून परत जायचं नाही. जोडलेली फायबर पहिली दहा-पंधरा मिनिटं बऱ्याचदा येते-जाते, तेवढा वेळ सलग चालली तरच परत जा.

फेलओव्हर झालं तरी चालू मीटिंग अखंड राहीलच असं नाही. लाइन बदलली की बाहेरचा पत्ता बदलतो आणि आधीचे सगळे टीसीपी संवाद तुटतात. बहुतेक मीटिंग ॲप स्वतःच नव्या वाटेने परत जोडून घेतात, काही सेकंद चित्र थांबतं एवढंच. व्हीपीएन कुठला आहे यावर अवलंबून त्याला पाच सेकंद ते अर्धा मिनिट लागू शकतो, काहींना पुन्हा लॉगिन लागतं. ट्रॉली केबल ओढून नेते तेव्हा एवढी थांबणूक मी मान्य करतो. तुमच्या कामात तीही चालत नसेल, उदाहरणार्थ तुम्ही कॉल सेंटरवर असाल, तर त्या एका लॅपटॉपवर स्पीडिफायसारखी सेवा महिनाभर वापरून बघा. पण आधी कंपनीच्या आयटी विभागाला विचारा, एका व्हीपीएनच्या खाली दुसरा बोगदा अनेक कंपन्यांना चालत नाही.

आता राउटर. गिगाबिट पोर्ट असलेला मल्टी-वॅन राउटर पाच-सहा हजारांच्या आसपास मिळतो, टीपी-लिंक ईआर६०५ किंवा मायक्रोटिक हेक्स या वर्गातला. दुकानात जुना टीएल-आर४७०टी स्वस्तात दिसला तर घेऊ नका, त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत. मेनूत बघून सेटिंग करायचं असेल तर टीपी-लिंक सोपा. केक आणि रिकर्सिव्ह राउट हवे असतील आणि शिकायची तयारी असेल तर मायक्रोटिक. या दोन्हींत वायफाय नसतं, त्यामागे तुमचा सध्याचा वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) म्हणून जोडा. फायबरवर एसक्यूएम लावल्यानेच तुमचं समाधान झालं, तर मात्र हा खर्च लाइट गेल्यावरचा यूपीएस घेण्याकडे वळवा.

जोडताना तीन ठिकाणी हमखास अडतं. दोन्ही मोडेम आतल्या बाजूला १९२.१६८.१ याच मालिकेतले पत्ते देत असतील तर राउटरला दोन्ही वॅन सारखेच दिसतात आणि काहीच चालत नाही. एका मोडेमची मालिका बदलून १९२.१६८.५० करा, आणि राउटरच्या स्वतःच्या आतल्या जाळ्यालाही तिसरीच मालिका द्या. दुसरं, डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. एका कंपनीचा डीएनएस सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून विचारल्यावर उत्तर देईलच असं नाही. मग पिंग चालतं पण साइट उघडत नाहीत. राउटरमध्ये सार्वजनिक डीएनएस टाकून ठेवा. तिसरं, आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते. दोन्ही कंपन्या आपापला वेगळा पत्ता घरातल्या उपकरणांना देतात, आणि लाइन मेली तरी मोबाइल जुना पत्ता धरून बसतो. मी सुरुवातीला घराच्या आतल्या बाजूला आयपीव्ही६ बंद ठेवतो आणि बाकी सगळं बसल्यावरच त्याच्याकडे वळतो. घरी सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरून पोर्ट उघडून बघत असाल, तर एअरफायबरवर तो दिसणार नाही, कारण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. क्लाउडवरून चालणारे कॅमेरे दिसतील.

सगळं बसवल्यावर चाचणी अशी घ्या. मीटिंग चालू ठेवा आणि फायबर मोडेममध्ये येणारी बारीक पिवळी पॅच कॉर्ड हळूच काढा. मोडेम आणि राउटर यांच्यामधली केबल काढून घेतलेली चाचणी उपयोगाची नाही, ती तर राउटरला लगेच दिसते. पॅच कॉर्डचं टोक बोटाने शिवू नका, बोटाचा तेलकटपणा लागला तरी सिग्नल पडतो, आणि टोकाकडे डोळा लावून बघू नका. किती सेकंदांत मीटिंग परत आली ते मोजा. मग हीच चाचणी घरचा मेन स्विच पाडून घ्या.

तोवर दोन्ही लाइनवरचा तासाभराचा पिंग आणि ट्रेसरूटच्या पहिल्या पाच ओळी इथे टाका, स्वतःचा सार्वजनिक पत्ता तेवढा झाकून. कंपनीचं व्हीपीएन कोणत्या प्रकारचं आहे तेही लिहा. ते कळलं की कोणता लॅपटॉप कोणत्या लाइनवर बांधायचा आणि मर्यादा कितीची घालायची ते आकड्यांसह सांगता येईल.